नळाला पाणी येईल, पण सांडपाणी कुठे जाईल? – तालुक्याच्या गावाची नवी पाणीयोजना

तेरणाकाठ
सर्व सदस्यांना नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो. गावाची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास गेली आहे. वेशीच्या आतले जुने गाव तेवढेच राहिले असले, तरी शेतीचे तुकडे पाडून झालेल्या वसाहती चारही रस्त्यांनी बाहेर सरकल्या आहेत आणि त्यांतील बऱ्याच ठिकाणी नळ नाही, नाली तर नाहीच. आता धरणातून नवी जलवाहिनी टाकण्याची योजना मंजूर झाली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. नगरपरिषदेने लोकांसमोर ठेवलेल्या सारांशात दरडोई दररोज १३५ लिटर पाणी गृहीत धरले आहे. पन्नास हजार माणसांच्या हिशेबाने हे रोजचे ६७.५ लाख लिटर होतात. त्यातील ऐंशी टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते असे धरण्याची रीत आहे, म्हणजे रोज ५४ लाख लिटर. या ५४ लाख लिटरांविषयी सारांशात एक ओळही नाही.

माझा प्रश्न असा आहे की, भुयारी गटाराचा समावेश झाल्याशिवाय योजनेचे काम सुरू करू नये, असा आग्रह नागरिकांनी धरावा काय? की त्यामुळे हातात आलेले पाणीही जाईल? आपल्या भागातील अनुभव आणि जाणकारांचे मत वाचायला आवडेल.

मन्याड
अजिबात धरू नये. ज्या जिल्ह्याने २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी येताना पाहिले, त्या जिल्ह्यात कोणी ‘गटार नाही तर पाणी नको’ असे म्हणावे, याचे मला आश्चर्य वाटते. मांजरा धरण कोरडे पडले तेव्हा लातूरला सांडपाण्याची चिंता नव्हती, कारण सांडायला पाणीच नव्हते. आधी पाणी येऊ द्या. ते आले की गटाराचा प्रश्न आपोआप एवढा मोठा होईल की, सरकारला पैसे द्यावेच लागतील.

परभणीची लेक
मन्याड यांच्या शेवटच्या वाक्यात विनोद आहे की धोरण, हे कळले नाही. पण आपल्याकडे बहुतेक योजना याच तत्त्वावर चालतात, हे मान्य करावे लागेल. आमच्याकडे पाहुणे निघण्यापूर्वी नळाचा वार कोणता, हे विचारून घेतात. जो विचारत नाही, तो जावई असतो.

निवृत्त शाखा अभियंता
मी पाणीपुरवठ्याच्या कामात नोकरी केली आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट, १३५ या आकड्याकडे नीट पाहावे. केंद्राच्या पाणीपुरवठा मार्गदर्शिकेत नळयोजना आहे पण मलनिस्सारण व्यवस्था नाही, अशा गावांसाठी दरडोई ७० लिटर, आणि जिथे मलनिस्सारण व्यवस्था आहे किंवा होऊ घातली आहे तिथे १३५ लिटर असे प्रमाण दीर्घकाळ वापरात आहे. म्हणजे तुमच्या योजनेने १३५ धरले असतील, तर कागदोपत्री तुमच्या गावात भुयारी गटार होणार आहे, असे कोणीतरी आधीच मान्य केलेले आहे. आग्रह धरण्यापूर्वी हा प्रश्न लेखी विचारावा की, १३५ कशाच्या आधारावर धरले?

दुसरी गोष्ट, गटार सारांशात का नाही, याचे कारण बहुधा निष्काळजीपणा नसून निधीची रचना आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या अमृत २.० या शहरांसाठीच्या अभियानात नळपाणीपुरवठ्याचे उद्दिष्ट सर्व शहरांसाठी आहे, पण मलनिस्सारणाचे उद्दिष्ट पहिल्या अमृत अभियानातील ५०० शहरांपुरते ठेवलेले आहे. एक लाखाच्या आतील वस्तीच्या गावांचे सांडपाणी त्याच दिवशी सुरू झालेल्या स्वच्छ भारत नागरी २.० मध्ये टाकले गेले. पाणी एका अभियानातून येते, सांडपाणी दुसऱ्या अभियानातून जाते, दोन्हींचे आराखडे वेगळे सल्लागार वेगवेगळ्या वर्षी करतात आणि रस्ता मात्र एकच असतो. तुमची योजना कोणत्या निधीतून आहे ते पाहा. पण तालुक्याच्या गावांत ही फारकत सर्रास दिसते.

तिसरी गोष्ट मन्याड यांच्या बाजूची आहे. भुयारी गटार म्हणजे नुसता पाइप नव्हे. त्यातील मैला वाहून जायचा असेल, तर पाण्याला सेकंदाला किमान ०.६ मीटर वेग मिळावा लागतो. दरडोई चाळीस-पन्नास लिटरांवर भागवणाऱ्या गावात मलवाहिनी टाकली, तर तिला तेवढा प्रवाह मिळत नाही. गाळ बसतो, चेंबर तुंबतात आणि लोक शेवटी चेंबर फोडून पाणी नालीत सोडतात. त्यामुळे पाण्याआधी गटार हा आग्रह तांत्रिकदृष्ट्या टिकणारा नाही. पण पाण्यानंतर केव्हातरी गटार, हेही चालत नाही, ते का ते पुढे लिहितो.

कुंडलिका
अभियंता साहेबांच्या तिसऱ्या मुद्द्यावर थोडी शंका आहे. पाणी आठ दिवसांनी येत असले, तरी माणसे ते हौदात आणि टाकीत साठवून रोज वापरतात. मग गटारात प्रवाह रोजचाच राहणार ना?

निवृत्त शाखा अभियंता
प्रवाह रोजचा राहतो, पण तो बारीक राहतो. साठवलेले पाणी माणूस जपून वापरतो. धुण्याचे पाणी फरशीला आणि फरशीचे पाणी झाडाला, असा आपल्याकडचा क्रम आहे. काटकसर म्हणून हे उत्तम आहे. मलवाहिनीसाठी मात्र ते कठीण आहे.

खामकाठी
छत्रपती संभाजीनगरचे उदाहरण येथे उपयोगी पडेल, कारण शहर मोठे असले तरी घडलेली गोष्ट तीच आहे. नाथसागरातून, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयातून, येणाऱ्या ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या दोन जलवाहिन्यांवर हे शहर कित्येक वर्षे चालले. समांतर जलवाहिनीचा खासगी भागीदारीतील प्रकल्प वादांत अडकून २०१६ मध्ये रद्द झाला. त्यानंतर १६८० कोटी रुपयांची नवी योजना आली, डिसेंबर २०२० मध्ये तिचे भूमिपूजन झाले आणि पुढे तिची किंमत २७४० कोटींवर गेली. जलवाहिनी २५०० मिलिमीटर व्यासाची आहे आणि नक्षत्रवाडीच्या शुद्धीकरण केंद्राची क्षमता दररोज ३९२ दशलक्ष लिटर ठरलेली आहे.

आता धागाकर्त्यांचाच गुणाकार येथे करून पाहू. ३९२ चे ऐंशी टक्के म्हणजे सुमारे ३१४ दशलक्ष लिटर सांडपाणी. शहरातील सर्वांत मोठे मलनिस्सारण प्रक्रिया केंद्र कांचनवाडीला आहे आणि त्याची क्षमता १६१ दशलक्ष लिटर आहे. इतर लहान केंद्रे आहेत, हे मला ठाऊक आहे. पण गुंठेवारीच्या वसाहती, सातारा-देवळाईसारखा नंतर महापालिकेत आलेला भाग, अशा ठिकाणी घराघरातून त्या केंद्रापर्यंत वाहिनी पोहोचवणे, हे केंद्र बांधण्यापेक्षा कितीतरी चिकाटीचे काम आहे. पाण्याच्या योजनेची रोज बातमी होते, न्यायालयात सुनावणी होते, नेते पाहणी करतात. खाम आणि सुखना या नद्यांत किती नाले उतरतात, यावर मात्र निवडणूक लढवली जात नाही.

जाता जाता एक अवांतर. मलिक अंबरने सतराव्या शतकात या शहरासाठी भूमिगत नहर बांधली, तिच्यावर विजेचा खर्च शून्य होता. उतार साधला की पाणी स्वतःच्या पायाने येते.

कुंडलिका
नहर अवांतर नाही, खामकाठी. आमच्या जालन्यात निजामकाळात बांधलेला घाणेवाडीचा तलाव आहे, त्याचे पाणी गुरुत्वानेच शहरात येते. वस्ती वाढली, तलाव पुरेना, म्हणून जायकवाडीहून जलवाहिनी आणावी लागली. तेव्हापासून विजेचे देयक हा शहराच्या पाण्याचा स्थायी विषय झाला.

मी वाणिज्य शाखेचा माणूस आहे, तरी हिशेब मांडतो. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर वर उचलायला निव्वळ पदार्थविज्ञानाच्या नियमाने ०.२७ युनिट वीज लागते. पंप आणि मोटारीची मिळून कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर ०.३९ युनिट. पाइपातील घर्षण वेगळे. जायकवाडीची पूर्ण संचय पातळी १५२२ फूट आहे आणि वरची शहरे तिच्यापेक्षा बरीच उंचावर आहेत. तेरणाकाठ यांच्या गावाला रोज ६७.५ लाख लिटर पाणी शंभर मीटर चढवायचे झाले, तर रोज सुमारे २६०० युनिट वीज लागेल. आणि पाइपातून गळणारा प्रत्येक लिटरही तेवढीच वीज पिऊन आलेला असतो. योजनेचा भांडवली खर्च केंद्र आणि राज्य देतील, हे देयक कोण देणार? पाणीपट्टी न वाढवण्याचे आश्वासन देऊनच आमच्याकडे सगळे निवडून येतात.

मन्याड
म्हणजे आता मीटर बसवा, असेच ना? आठवड्यातून एकदा येणाऱ्या पाण्याला मीटर बसवला, तर तो आधी हवा मोजतो आणि मग पाणी. हवेचे पैसे मी देणार नाही.

कुंडलिका
हवेचा मुद्दा खरा आहे. म्हणूनच मीटर आणि अखंड पुरवठा ही जोडी बरोबर यावी लागते. सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या मलकापूरने ती आणून दाखवली. तेथे चोवीस तास पाणी, मीटर आणि वापर वाढेल तसा चढता दर, हे एकत्र लागू झाले. त्यांच्याजवळ कोयना नदी आहे आणि आपल्याजवळ टँकर आहेत, हा फरक मी विसरलेलो नाही. पण चढत्या दराला नदी लागत नाही.

वैद्यबुवा अंबाजोगाई
पाणी आधी की गटार आधी, या चर्चेत दोन्ही पाइप जमिनीखाली एकमेकांना भेटतात, ही गोष्ट सुटते आहे. जलवाहिनीत चोवीस तास दाब असेल, तर एखाद्या भेगेतून पाणी बाहेर जाते, बाहेरचे आत येत नाही. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होतो. त्यात अनेक घरांत नळाला थेट टुल्लू पंप लावलेला असतो, तो पाइपातून शोषून घेतो आणि नालीतून गेलेल्या नळजोडणीच्या गंजलेल्या सांध्यातून नालीचे पाणी आत ओढले जाते. नळाला पाणी आल्यावर सुरुवातीचे काही घडे गढूळ आणि वास मारणारे का येतात, याचे उत्तर बहुतेक वेळा इथे असते. अतिसार, विषमज्वर आणि कावीळ यांच्या साथी अशाच पसरतात. हिपॅटायटिस ई प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतू शकते.

सेप्टिक टँकचेही तसेच आहे. अनेक घरांत ज्याला सेप्टिक टँक म्हणतात, तो तळ न बांधलेला खड्डा असतो आणि वीस फुटांवर शेजाऱ्याची बोअर असते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि भारतीय मानकात त्याला सवलत नाही. नायट्रेट उकळून जात नाही, हे मला प्रत्येक घरात सांगावे लागते. म्हणून मन्याड यांना विनंती आहे की, सांडपाणी हा पाण्यानंतरचा प्रश्न समजू नये, तो पाण्याचाच प्रश्न आहे.

काळी माती
वैद्यबुवांनी जे लिहिले, त्यात आमच्या जमिनीची भर घालतो. आपली काळी कसदार माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. सांधा ताठ असेल, तर तो वर्षातून दोनदा या हालचालीचा धक्का खातो. चार-पाच फुटांखाली मांजऱ्या किंवा काळा पाषाण लागतो, तिथे ब्रेकर लावावा लागतो आणि मग ठेकेदार चर उथळच ठेवतो, खाली मुरुमाची गादी घालत नाही. वरून ट्रॅक्टर आणि उसाच्या गाड्या जातात. पाइप चांगल्या कंपनीचा होता की नव्हता यापेक्षा चर किती खोल खणला आणि काय भरून बुजवला, हे बुजवण्यापूर्वी पाहणारा माणूस हवा.

गोदाकाठचा
नांदेडविषयी लिहितो. २००८ च्या गुरू-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून शहराला पाणी, मलनिस्सारण, रस्ते यांसाठी मोठा निधी मिळाला. विष्णुपुरीचे पाणी जवळच आहे. तरी नाले गोदावरीत मिसळण्याचा विषय संपला, असे कोणी म्हणणार नाही, कारण प्रक्रिया केंद्र उभे राहणे आणि प्रत्येक घराचे सांडपाणी तिथवर पोहोचणे, यांत शेवटचे दहा-पंधरा फूट असतात. मलवाहिनी रस्त्यापर्यंत येते. तेथून न्हाणीघरापर्यंतचा खर्च घरमालकाने करायचा असतो. तो घरमालक आधीच सेप्टिक टँकवर पैसे घालून बसलेला असतो, अंगणातली फरशी फोडायला तो तयार नसतो.

दुसरी बाजूही सांगतो. आमच्याच जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून नाल्याच बंद केल्या, डास कमी झाले आणि रोजगार हमीतून हेच काम पुढे इतर गावांत गेले. लहान गावाला भुयारी गटाराची गरजच नाही. पण तो उपाय धुण्या-अंघोळीच्या पाण्याचा आहे. संडासाच्या पाण्याला आणि दाट वस्तीच्या तालुक्याच्या गावाला तो तसाच्या तसा उचलून लावता येणार नाही.

बालाघाटी
जलवाहिनी ज्या गावांजवळून जाणार, त्या गावांचे काय? आमच्या वाडीच्या शिवारातून शहराची वाहिनी जाते आणि व्हॉल्व्हजवळ गळते, त्या गळतीवर आमच्या बायका हंडे भरतात. खेड्यांसाठीच्या जलजीवन मिशनमध्ये आम्हाला दरडोई ५५ लिटर आणि त्याच वाहिनीवरच्या शहराला १३५. कारण विचारले, तर आमच्याकडे गटार नाही म्हणून, असे उत्तर येते. अभियंता साहेबांचा नियम मी समजून घेतला. तो न्याय्य आहे, असे मात्र कोणी सांगू नये. वाटेतल्या गावांना आरंभीच अधिकृत जोडणी दिली नाही, तर ती पुढे रात्री कुऱ्हाडीने घेतली जाते.

परभणीची लेक
बालाघाटी यांच्या शेवटच्या वाक्याला मराठवाड्यात ‘लोकसहभाग’ असे नाव आहे.

तेरणाकाठ
सर्वांचे आभार. एक नवी माहिती कळली, ती येथे देतो. ज्या मुख्य रस्त्याखालून जलवाहिनी जाणार आहे, त्याच रस्त्याचे सिमेंट काँक्रीटीकरण वेगळ्या निधीतून येत्या हिवाळ्यात होणार आहे, आणि जलवाहिनीचे काम त्यानंतर सुरू होणार आहे. यावर हसावे की अर्ज करावा, हे कळेनासे झाले आहे. अभियंता साहेब, पुढे लिहितो म्हणाला होतात, ते कृपया लिहावे.

निवृत्त शाखा अभियंता
अर्जच करावा आणि तो काँक्रीट पडण्यापूर्वी करावा.

गटार आज बांधले नाही तरी चालेल, पण त्याची पातळी आजच ठरली पाहिजे. पाणी पंपाने कुठेही चढवता येते; सांडपाणी मात्र शक्यतो उतारानेच न्यायचे असते, त्यामुळे गावाचा सर्वांत सखल भाग कोणता आणि मुख्य मलवाहिनी कोणत्या रस्त्याने तिकडे जाईल, हे भूपातळीचे सर्वेक्षण जलवाहिनीच्या सर्वेक्षणाबरोबर करता येते. खर्च किरकोळ आहे. ते झाले की रस्त्याची एक बाजू जलवाहिनीला आणि दुसरी बाजू भावी मलवाहिनीला राखून ठेवता येते. दोन्हींत शक्यतो तीन मीटर अंतर असावे. जुन्या गल्लीत तेवढी रुंदी नसेल, तर मलवाहिनी खाली आणि जलवाहिनी वर हा नियम तरी मोडू नये. काँक्रीट टाकण्यापूर्वी ठरावीक अंतरावर रस्त्याच्या आरपार मोकळे पाइप घालून ठेवावेत, म्हणजे पुढे प्रत्येक घरजोडणीसाठी रस्ता फोडावा लागणार नाही. सखल भागातील प्रक्रिया केंद्राची जागा विकास आराखड्यात आताच आरक्षित करावी. पाच वर्षांनी तिथे प्लॉट पडलेले असतात.

तोवरच्या काळासाठी प्रत्येक घराच्या टाकीची नोंद, दर तीन वर्षांनी ठरलेल्या गल्लीत ठरलेल्या महिन्यात उपसा, आणि उपसलेल्या मैल्यावर प्रक्रिया करणारे लहान केंद्र, एवढे नगरपरिषदेला नक्की जमते. आज टाकी तुंबली की गाडी बोलावतात आणि गाडीवाला मैला कुठे ओततो, हे कोणी विचारत नाही. मलवाहिनी आकाराने तीस वर्षांच्या वस्तीसाठी धरतात आणि पंप पंधरा वर्षांसाठी. त्यामुळे मलवाहिनी अर्धवट किंवा घाईत टाकण्यापेक्षा पाच वर्षे थांबून पुरेशा पाण्यावर, पूर्ण टाकलेली बरी.

वैद्यबुवा अंबाजोगाई
उपसा म्हणजे यंत्राने, हे त्यात ठळक लिहावे. २०१३ च्या कायद्याने माणसाला टाकीत किंवा गटारात उतरवून धोकादायक साफसफाई करून घेणे हा गुन्हा आहे आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई तीस लाख रुपये केली आहे. अरुंद गल्लीत जाईल असे लहान यंत्र खरेदीच्या यादीत नसेल, तर गल्लीत शेवटी माणूसच उतरवला जाईल.

काळी माती
प्रक्रिया केंद्राची जागा सखल भागात म्हणजे आमच्यासारख्यांच्या शेतात. तिथे विरोध होणारच. पण शुद्ध झालेले पाणी त्याच शिवाराला देण्याचा करार आधी केला, तर चर्चा तरी होईल. नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. आमच्याकडे २०१५ मध्ये पाण्याअभावी परळीचे वीज केंद्र बंद ठेवावे लागले होते. पैसे देऊन असे पाणी घेणारे गिऱ्हाईक मराठवाड्यात नाही, असे म्हणता येणार नाही.

बालाघाटी
फक्त त्या पाण्यावर ऊस लावणार नाही, अशी अट करारात घाला.

काळी माती
तशी अट घातली, तर सहीला कोणी येणार नाही.

मन्याड
माझे मत कायम आहे की, पाण्याचे काम एक दिवसही थांबवू नये. अभियंता साहेबांच्या यादीत काम थांबवणारे काही नाही, म्हणून त्या अर्जावर माझीही सही धरावी. आमच्या गावाची योजना याच टप्प्यावर आहे. गोदाकाठचा यांनी लिहिलेला शेवटच्या पंधरा फुटांचा खर्च मात्र भावी गटार योजनेच्या अंदाजपत्रकातच धरण्याची मागणी घाला. तो घरमालकावर ठेवलात, तर प्रक्रिया केंद्र कोरडे राहील आणि नाली वाहत राहील.

तेरणाकाठ
मसुदा तयार करतो आहे. त्यात काँक्रीटीकरण जलवाहिनीनंतर घेणे, भूपातळी सर्वेक्षण, १३५ लिटरांच्या आधाराची लेखी विचारणा, जागेचे आरक्षण, यंत्राने ठरावीक उपसा, वाटेतल्या गावांची जोडणी आणि घरजोडणीचा खर्च हे मुद्दे घेतले आहेत. मीटरचा मुद्दा सध्या वगळला आहे, कारण त्यावर आमच्या गल्लीतच एकमत नाही.

कुंडलिका
मीटर वगळा, पण प्रत्येक जलकुंभाच्या बाहेर पडणाऱ्या वाहिनीवर तरी मोजणी मागा. घरात मीटर नसला तरी कोणत्या भागात किती पाणी गेले आणि किती गळाले, हे त्यावरून कळते, आणि त्याला कोणाच्या सहीची गरज लागत नाही.

निवृत्त शाखा अभियंता
कुंडलिका यांची सूचना अवश्य घ्यावी. मसुदा येथे टाका, तांत्रिक शब्द तपासून देतो. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्या, एक प्रत रस्त्याचे काम ज्या विभागाकडे आहे त्यालाही द्या, आणि दोन्ही प्रतींवर आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.